देखणी ओळ

फोन आला तेव्हा राजेंद्र उल्हासनगरात भावेशच्या गाळ्यात उभा होता आणि एका कागदी पिशवीत फुंकर मारून ती कुठे हवा सोडते का ते बघत होता. मक्याच्या तुऱ्यावर चढवायच्या पिशव्या होत्या त्या. एका झाडाचा पराग भलत्याच झाडावर उडू नये म्हणून तुऱ्याला अशी टोपी घालावी लागते, आणि त्याच्या बायकोला, यशोधराला, दर हंगामात अशा पिशव्या पोत्यांनी लागत. भावेश एरवी फरसाणवाल्यांचा माल करी. "साईं, मॅडमचा माल आहे, चिवड्याची पुडी थोडीच आहे! लीक झाली तर माझं नाव बदला," असं तो दरवेळी म्हणे, आणि राजेंद्र तरीही फुंकर मारून बघे. फोनवर तानी होती, यशोधराचं शेत राखणारी. तिने आजवर आपणहून कधी फोन केला नव्हता. "दादा," ती म्हणाली, "म्याडमला नका सांगू. मी पानी सोरला." मग नुसता वारा ऐकू येत राहिला. राजेंद्रच्या हातातली पिशवी फुगलेली तशीच राहिली. चिकटवायच्या खळीचा आंबूस वास एकाएकी नाकात भरला, पलीकडच्या गाळ्यातली शिलाई मशिनं फारच मोठ्याने चाललीत असं वाटलं, आणि भावेश विचारत होता, "क्या हुआ साईं, घर पे सब ठीक?" घरी सगळं ठीकच होतं. राजेंद्र म्हणाला, "शेतात पाणी गेलं." भावेश हसला. "अरे, फिर तो अच्छा है ना!"  शेतात पाणी गेलं तर चांगलंच असतं, हे अख्ख्या दुनियेला ठाऊक होतं. एका यशोधराच्या शेतात तेवढं ते वाईट होतं.

पिशव्यांचं बोचकं स्कूटरला बांधून तो निघाला. अंबरनाथला घराच्या वळणापाशी क्षणभर त्याचा हात ढिला पडला. घरी जावं, पंखा लावून पडावं, उद्या यशोधरा हैदराबादहून येईल तेव्हा काय ते तिचं ती बघेल. पण स्कूटर आपसूक सरळ बदलापूरच्या रस्त्याला लागली. ऊन डोक्यावर आलं होतं आणि डांबरावरून गरम हवेचे पापुद्रे उठत होते. याच उन्हासाठी यशोधरा या दिवसांत मका लावी. पावसाळ्यात इथे दुष्काळ कुठून आणणार? म्हणून थंडी सरता सरता पेरायचा, ठिबकने वाढवायचा, आणि ऐन तुरा निसवायच्या, बाहेर पडायच्या वेळी पाण्याचा कॉक बंद करायचा. तिने हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा राजेंद्र अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता, बोटांना कायम कुठला ना कुठला रंग असायचा, आणि ती त्याच्या निळ्या बोटांकडे बघत म्हणाली होती, "मक्याचं सगळं आयुष्य त्या थोड्या दिवसांत असतं. वर तुऱ्यातून पराग झडतो आणि खाली कणसातून केस बाहेर येतात. केसाकेसाने पराग झेलला की दाणा धरतो. पण तहानलेलं झाड काय करतं, तुरा वेळेवर काढतं आणि केस मागे ठेवतं. जीव वाचवतं बिचारं. केस बाहेर येतात तोवर पराग संपलेला. मग कणीस भुंडं. शेतकऱ्याला वाटतं, मका हिरवा तर होता, दाणे कुठे गेले?" आणि मग तिने, जणू सिनेमाची गोष्ट सांगावी तशा उत्सुकतेने, आवाज खाली आणून म्हटलं होतं, "पण हजारांत एखादं झाड असतं हो. तहानेने मरायला टेकलं तरी केस वेळेवर काढतं. मला तेवढं शोधायचंय." तेवढं शोधायला तिचं अख्खं आयुष्य गेलं होतं. एक झाड सापडे, ते पुढच्या वर्षी दगा देई. ते दुसऱ्याशी जुळवावं तर तगण्याचा गुण येई आणि दाणाच बारीक पडे. मग पुन्हा पहिल्यापासून. राजेंद्रला वाटे, आपण असतो तर केव्हाच सोडून देऊन शिकवण्या घेतल्या असत्या.

त्याच्या आईला, सरस्वतीबाईंना, हे पाणी तोडणं कधीच मानवलं नाही. आई हयात असताना एकदा यशोधरा दोघांना शेत दाखवायला घेऊन गेली होती. मध्ये एक बांध होता. बांधाच्या अलीकडे तेच बियाणं, त्याला पोटभर पाणी. पलीकडे तेच बियाणं, त्याचं पाणी तोडलेलं. तुलना करायची तर दोन्ही लागतात, यशोधरा सांगत होती. अलीकडचा मका वाऱ्यावर सळसळत होता, पलीकडच्याने पानांच्या सुरळ्या केल्या होत्या. आई बांधावर थांबली ती पुढे जाईचना. तिच्या आईला, म्हणजे राजेंद्रच्या आजीला, गावच्या विहिरीपासून लांब घागर ठेवून कुणी वरून पाणी घालील म्हणून उभं राहावं लागलेलं तिने लहानपणी बघितलं होतं. उल्हासनगरला टेकडीवरच्या चाळीत आल्यावर, बुद्धाच्या तसबिरीखाली दिवा लावताना, ती रोज एक तांब्या भरून उंबऱ्यापाशी ठेवी; येईल त्याने प्यावं. "यशो," आई म्हणाली, "कुणाचं पाणी तोडू नये बाई. आपण तरी नाही."  राजेंद्रला वाटलं, आता यशोधरा काहीतरी शास्त्रातलं सांगणार आणि आई दुखावणार. यशोधरा बांध ओलांडून त्या सुकलेल्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिथूनच म्हणाली, "आई, मी नाही तोडलं तरी आभाळ तोडणारच आहे. त्याच्याआधी मी तोडून बघते, म्हणजे तेव्हा निदान काहीतरी उभं असेल." आईने मान हलवली. पटलं की नाही, कुणास ठाऊक. पण ती बांध ओलांडून यशोधराजवळ गेली, आणि एका सुरळी झालेल्या पानावरून तिने हात फिरवला.

बदलापूर गावातून पुढे बारवी धरणाच्या बाजूला रस्ता चढू लागला. हा यशोधराचा शेवटचा हंगाम होता. पावसाळ्याआधी ती निवृत्त होणार होती आणि तिची संशोधन संस्था इथलं शेतच बंद करणार होती. या वर्षीची निवड नीट झाली की त्यातले दोन-चार वाण नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात आणि तिकडे आफ्रिकेत मलावीत जायचे होते. आणि या वर्षी तिच्या मनासारखी एक ओळ सापडली होती. ती काही बोलली नव्हती. पण शेतातून फिरताना एका ओळीपाशी तिची पावलं मंदावतात हे त्याने हेरलं होतं. उंच, गडद हिरवी, जाड ताठ खोडाची, कणसं सगळ्यांची एका उंचीवर, जणू शाळेतल्या मुली प्रार्थनेला उभ्या. राजेंद्र मनातल्या मनात तिला देखणी ओळ म्हणे. पाणी तोडल्यावर बाकीच्या ओळींनी माना टाकल्या, तरी देखणी नुसती पानं थोडी आवळून उभी होती. केस अजून दिसत नव्हते. ते येतात की मागे राहतात, हेच तर बघायचं होतं. त्याच मुहूर्तावर तानीने कॉक फिरवला होता.

शेत दिसलं आणि तो स्कूटरवरून उतरायचंच विसरला. शेत सुंदर दिसत होतं. कालपर्यंत करड्या सुरळ्यांचं रान होतं ते. आज पानं उलगडली होती, रुंद झाली होती, त्यांच्यावर उन्हाची चकाकी होती. बुंध्यांशी माती काळी, ओली. कुठूनसा एक बगळा येऊन ओळींमधून चालत होता. तानी ऐनाच्या झाडाखाली बसली होती, डोक्यावरचा पदर दातांत धरून. जमीन तिची होती. तिने ती संस्थेला कराराने दिली होती आणि राखणही तीच करी. भात लावत, लाकूडफाटा आणत बाकीचं आयुष्य तिने याच उतारावर काढलं होतं. राजेंद्र जवळ गेला तरी ती उठली नाही.

"किती वेळ सोडलं होतंत, तानीबाई?"

"भाकऱ्या होईस्तवर." मग ती घाईघाईने बोलू लागली. "मना नाय बघवला वो दादा. सकाली आले तं माना टाकून उभी व्हती, पोटुशी पोरीवानी. पोटान् कनीस हाय तिच्या, आन् आपुन पानी नाय देवाचा? बांधाच्या ह्या अंगाला पानी वाहतंय, त्या अंगाला ती बघत उभी. माजा हात आपोआप गेला. फिरवल्यावर कललं, काय केलं ते." ती थांबली, शेताकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर, भीतीच्या आडून, एक समाधान क्षणभर दिसलं. "पन बगा ना कशी उठली." आणि लगेच: "बाय उद्या येतील ना? दोन दिसांत माती सुकंल. कोनाला कलनार नाय. तुमी नका सांगू. मना काढून टाकतील."

कोणाला कळणार नाही, हे खरंच होतं. राजेंद्र तिच्याशेजारी बसला आणि त्याला जाणवलं की आपण मघापासून, उल्हासनगर सोडल्यापासून, हेच मनात घोळवत होतो. तानीने फक्त ते उच्चारलं. माती सुकेल. पानं पुन्हा आवळतील. यशोधरा उद्या घरी येणार आणि परवा सकाळी शेतावर. तिला वाटेल, देखणी ओळ तहानेतसुद्धा वेळेवर केस काढतेय. ती किती खूश होईल! इतकी वर्षं कारखान्यात त्याने हेच पाहिलं होतं. रंगाची छटा नमुन्याशी जुळली नाही की कुणीतरी चिमूटभर काहीतरी टाके, छटा जुळे, माल जाई, जग चालू राही. कापड धुतल्यावर काय होत असेल ते कोण बघायला जातं? आणि इथे तर कुणी लबाडीने काही केलं नव्हतं. एका बाईला दया आली होती. त्याने डोळे मिटले. त्याला वाटलं, यशोधरा हसत हसत निवृत्त व्हावी. एवढं एक तिला मिळावं. माझ्या गप्प बसण्याने मिळत असेल तर काय बिघडलं?

डोळे मिटल्यावर त्याला ती दिसली ती याच शेतातली, काही वर्षांपूर्वीची. पाणी तोडलेल्या दिवसांत ती मुद्दाम भर दुपारी शेतावर येई. सावलीतून सकाळ-संध्याकाळ बघून चालत नाही, म्हणे, झाडांचं सगळ्यात वाईट दुपारी असतं. ओळीओळीतून ती वाकून, तुऱ्याला बोट लावून, कणसाचं टोक दाबून बघत फिरे. पाठ दुखे, ओठ सुकत. आणि तहान लागली की ती बाटली घेऊन जीपच्या मागे जाई. राजेंद्रला वाटलं, सावलीसाठी जात असेल. पण जीपची सावली पुढच्या बाजूला होती. त्याने विचारलं तेव्हा ती ओशाळली. "हसाल तुम्ही. ह्या झाडांसमोर प्यायला लाज वाटते." तो हसला नव्हता. त्या क्षणी त्याला आपल्या बायकोबद्दल जे वाटलं ते त्याने तिला कधी बोलून दाखवलं नाही. तसं बोलण्याची त्या दोघांची रीत नव्हती. पुढेही कधी तिच्यावर चिडला, घर सोडून सतत रानात म्हणून कुढला, की त्याला ती जीपमागे पाठमोरी पाणी पिणारी बाई आठवे आणि राग विरघळे.

आणि नंदुरबारची बनूबाई आठवली. यशोधराचा पहिला वाण तिकडे गेला त्यानंतरच्या कोरड्या वर्षी दोघं गेली होती. डोंगर उघडेबोडके, पायाखाली नुसती ढेकळं, शेजारच्या शेतातला मका वाळून कागद झालेला. बनूबाईच्या उतारावरचा मका काही फार मोठा नव्हता, खुरटाच होता. पण तिने एक कणीस मोडून सोललं, निखाऱ्यावर टाकलं, आणि पाहुण्यांच्या हातात दिलं. दाणे होते. जावयाला, नातवंडांना, कोंबड्यांना पुरून उरतील इतके होते. "औंदा ह्यानेच तारलं," ती म्हणाली, मक्याकडे हनुवटीने दाखवून. यशोधरा कोण, ते तिला माहीत नव्हतं. कुणीतरी शहरातल्या बाई बघायला आल्यात, एवढंच. राजेंद्रने सांगण्यासाठी तोंड उघडलं तेव्हा यशोधराने त्याचा दंड दाबला. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, सांगायला काय हरकत होती? ती म्हणाली, "तिला मका ओळखीचा आहे. पुरे ना."

ऐनाखाली बसल्या बसल्या राजेंद्रला दिसलं की देखणी ओळ बनूबाईच्या उतारावर उभी आहे. उंच, हिरवी, कणसं एका रांगेत. पाऊस ओढ देतो आहे. बनूबाई भरवशाने वाट बघते आहे, आणि तिथे कुणी तानी नाही, कॉक नाही, बांधापलीकडे पाणी नाही. तुरा झडतो आहे आणि केस येत नाहीत.  तो उठला. "तानीबाई," तो म्हणाला, "मला सांगावं लागेल." तानीने पदर तोंडावर ओढला. तो स्कूटरपाशी पोचला तरी ती तशीच होती.

दुसऱ्या दिवशी यशोधरा आली, आंघोळ करून स्वयंपाकघरात आली, आणि पहिलं वाक्य बोलली ते, "केस दिसायला लागले का हो?" राजेंद्र चहा गाळत होता. गाळणीतला चोथा खाली पडला. त्याने सगळं सांगितलं. तानीचा फोन, ओली माती, उलगडलेली पानं, आणि आपण सांगू की नको म्हणून झाडाखाली बसलो होतो, तेही. ती ऐकत होती. कप तिने उचलला होता, तो ओठांपर्यंत गेला नाही. "सगळ्याच ओळी?" "सगळ्याच." ती उठून बाल्कनीत गेली. तिथे कुंडीत मोगरा होता, त्याची वाळलेली पानं ती एकेक तोडत राहिली. तिची पाठ बघून राजेंद्रला कळेना की ती रडतेय का.  बऱ्याच वेळाने ती आत आली, डोळे कोरडे होते, चेहरा मात्र तेवढ्यात वय वाढल्यासारखा. "तुम्ही सांगितलंत," ती म्हणाली. मग, "चला. ती बाई काल दुपारपासून जेवली नसेल."

तानी खरंच जेवली नव्हती. यशोधरा थेट तिच्या झोपडीत शिरली आणि चुलीपाशी बसली. तानी उभीच राहिली. "बाय, मना हाकला. पन ती माना टाकून..." "बस, तानीबाय," यशोधरा म्हणाली. "मला तरी कुठे बघवतं? इतकी वर्षं झाली, मला रात्री स्वप्नात पाण्याचा आवाज येतो." तानी खाली बसली. "मग कशाला वो करता असा?" यशोधराने समजावलं. मोठे शब्द न वापरता, हाताने तुरा दाखवत, आपल्याच केसांची बट पुढे ओढून कणसाचे केस दाखवत. इथे आपल्या हाताशी पाणी आहे. ज्यांच्याकडे जाणार तिथे नाही. इथे दया केली तर ती तिकडे फसवणूक होते. तानी ऐकताना मध्येच म्हणाली, "म्हंजे ही इथं मेली तं तिकडं दुसरी जगंल?" "जी मरणार नाही ती शोधायची. म्हणून बाकीच्यांना बघत बसायचं." तानी चुलीतली राख काटकीने सारत राहिली. मग तिने विचारलं, "आता काय?" "आता ह्या शेतातलं काही धरायचं नाही. कणसं पिकली की पाड्यात वाटून टाक. खा सगळे." राजेंद्र दारात उभा होता. वर्षभराचं काम, शेवटचं वर्ष, तिने त्या चुलीपाशी सहज ठेवून दिलं.

संस्थेतला तिचा वरिष्ठ, राजस, वयाने तिच्या भाच्याएवढा, फोनवर हळहळला. राजेंद्रला स्पीकरवरून ऐकू येत होतं. "मॅडम, सगळं कशाला फेकायचं? रिपोर्टमध्ये 'मध्यम ताण' असं दाखवू या ना. टेक्निकली चूक नाही. पुढच्या वर्षी तुम्ही नसाल, प्लॉट नसेल." "मी नसेन, मका असेल," यशोधरा म्हणाली. "बियाणं माझ्याकडे आहे. जमीन तानीबाय देते म्हणालीय. मला एक हंगाम फक्त परवानगी दे." राजसने दिली. पुढे तो स्वतः एकदा येऊन गेला, आणि जाताना राजेंद्रला हळूच म्हणाला, "काका, मला वाटलं होतं मॅडम हट्टी आहेत." आणि तो गाडीत बसला.

त्या ओल्या वर्षाची कणसं अप्रतिम आली. देखण्या ओळीची तर हाताच्या पंजात मावेनात. पाड्यातल्या अंगणात भाजायला घेतली तेव्हा राजेंद्रने एक खाल्लं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "काय कणीस आहे यशो!" तीही खात होती. दाण्याकडे बघत होती. "आहे खरं," ती म्हणाली. तिच्या आवाजात हाव होती, उघडउघड; राजेंद्रने ती पहिल्यांदाच ऐकली आणि त्याला वाटलं, आता ही म्हणेल, एवढीच ओळ ठेवू या. तिने कणीस अर्धवट खाल्लेलं खाली ठेवलं, हात धुतले आणि पुढच्या पेरणीची आखणी करायला शेतात निघून गेली. निरोप समारंभ झाला, शाल मिळाली, संस्थेची जीप गेली. थंडी सरता सरता तिने पुन्हा पेरलं, आणि आता राजेंद्रच तिला रोज स्कूटरवर मागे बसवून नेऊ लागला. गुडघे दुखत, तरी तो ओळींमधून फिरायला शिकला. तुऱ्यावर पिशवी कशी चढवायची, कशी दुमडायची, ते शिकला. पराग मनगटावर पडला की पिवळी, किंचित गोडूस वासाची धूळ लागे. कारखान्यातल्या सगळ्या रंगांत त्याने असा पिवळा बघितला नव्हता. तुरे निसवायच्या सुमाराला यशोधराने कॉक बंद केला तेव्हा तानी शेजारी उभी होती. त्या दिवसांत तानीने शेताकडे पाठ करून बसायचं ठरवलं होतं. पण ती बसली नाही. दुपारी यशोधरा ओळीतून फिरे तेव्हा तीही मागून फिरे, न बोलता, पदर दातांत धरून, प्रेताच्या मागून चालावं तशी. आणि रोज येई.

देखणी ओळ याही वर्षी उंच झाली, हिरवी राहिली. तिचा तुरा ऐटीत बाहेर पडला, उमलला, पराग झडू लागला. यशोधरा कणसांची टोकं दाबून बघे आणि पुढे जाई.  राजेंद्रही तिच्या नकळत येऊन टोकं दाबी. आत काहीतरी आहे असं वाटे, बाहेर काही दिसत नसे. त्याला रात्री झोप लागेना. आपल्याला काय हवंय, तेच त्याला कळेनासं झालं: केस यावेत, की येऊ नयेत? शेवटी एका दुपारी पोपटी केसांची बारीक शेंडी एका कणसातून डोकावली, मग दुसऱ्यातून. त्याने आनंदाने हाक मारली. यशोधरा आली, वर बघितलं, तुरा हातात धरून हलवला. काही झडलं नाही. तुरा कोरडा, रिकामा, वाळल्या गवतासारखा. पोपटी शेंड्या उन्हात तशाच बाहेर येत राहिल्या, ओलसर, चमकत, कशाची तरी वाट बघत. तानीने ते बघितलं आणि ती मटकन खाली बसली. "माज्या पान्यानं लपवलं व्हतं हिचं," ती पुटपुटली.

राजेंद्रला बायकोकडे बघण्याचा धीर होत नव्हता. त्याने बघितलं तेव्हा ती हसत होती. उन्हाने भाजलेल्या चेहऱ्यावर, फुटलेल्या ओठांनी, मोकळं, तरुणपणी परीक्षेत पहिली आल्यावर हसली होती तसं. "फसवलं असतं हो हिने आपल्याला!" ती म्हणाली. "अख्ख्या डोंगराला फसवलं असतं. बरं झालं, कळलं." आणि तिने प्रेमाने, खरंच प्रेमाने, त्या उंच खोडावर थाप मारली. राजेंद्रच्या मनात आपलं सगळं वर्ष, ते झोप न लागणं, ऐनाखालची ती दुपार, सगळं ढवळून आलं. हिला जे मिळावं म्हणून आपण गप्प बसणार होतो ते हिला नकोच होतं. हिला एवढंच हवं होतं, कळायला. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला आपण आज पहिल्यांदा नीट बघतोय, असं त्याला वाटलं, आणि वाटल्याची थोडी लाजही वाटली.

कणसं तोडायला ती दोघं आणि तानी गेली. देखण्या ओळीची कणसं सोलली तर आत कुठेकुठे चार दाणे, दात पडलेल्या तोंडासारखी. बऱ्याच ओळींचं तेच. कुंपणालगत एक बुटकी ओळ होती, तिच्याकडे राजेंद्रचं कधी लक्षच गेलं नव्हतं. पानं करपलेली, खोडं बोटाएवढी. यशोधराने तिथलं एक कणीस मोडलं, साल मागे ओढली आणि त्याच्या तळव्यावर ठेवलं. कणीस मुठीएवढंच होतं. दाणे लहान, पण दाटीवाटीने बसलेले, बुडापासून पार शेंड्यापर्यंत. तानी वाकून बघू लागली. तिने नखाने एक दाणा टोकरला. "दिसाया काय नाय," ती म्हणाली, "पन ही कदी निसवली, कोनाला कललं पन नाय."

"मला कळलं होतं," यशोधरा म्हणाली. "पण मला वाटलं, एखादंच झाड असेल. एकाचा काय भरवसा?" आणि ती पुढच्या झाडाशी वाकली, कणीस मोडलं, सोललं, बघितलं. तेही भरलेलं. मग त्याच्या पुढच्या झाडाशी. राजेंद्र पोतं उघडून तिच्या मागे जाऊन उभा राहिला.